घाईकर नावाचा इसम

संसारात नवरा अचानक शांत झाला, तर पत्नीने सर्वप्रथम घराची दारे-खिडक्या तपासाव्यात, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

माझे पती महसूल खात्यातून डिप्टी तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. शांतता हा त्यांचा स्थायीभाव कधीच नव्हता. दूध पातळ आले की दूधवाल्याचे बयान नोंदवले जाई. वर्तमानपत्र उशिरा आले की पेपर टाकणाऱ्याची दारातच जमाबंदी होई. संध्याकाळी बातम्या लागल्या की ते निवेदकाशी भांडत. आणि निवेदक उत्तर देत नाही, हे लक्षात आले की माझ्याकडे वळत! डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी देऊन "राग आवरा" असे सुचवले, तेव्हा ते डॉक्टरांवरच असे रागावले की बाहेर बसलेले दोन रुग्ण तपासून न घेताच घरी गेले.

अशा माणसापुढे यंदाच्या हिवाळ्यात एके संध्याकाळी मी करपलेली वांग्याची भाजी वाढली. बचावाचे भाषण माझ्या मनात तयार होते. त्यांनी घास घेतला, शांतपणे गिळला आणि म्हणाले,

"असू दे. घाई नाई आपल्याले."

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. (भाजी घाईतच करपली होती. हे त्यांना कसे समजले?)

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. तापलेले पाणी आपोआप थंड होत नाही. ते आपली उष्णता कोणाला तरी देत असते. आता प्रश्न असा, की आमच्या ह्यांची उष्णता कोण घेत होते?

पुढचा पुरावा शर्टाच्या रूपाने आला. त्यांच्या निळ्या रेघांच्या शर्टाचे एक बटण दिवाळीपासून तुटलेले होते. ते मी लावणार होते. (मी अजूनही लावणारच होते.) एका सकाळी पाहते, तर बटण जागेवर! दोरा लाल, टाके मोठे, गाठ बाहेर. पण जीव ओतून लावलेले.

"हे बटण कोणी लावलं?" मी विचारले.

"लागलं," ते म्हणाले.

"बटण आपोआप लागत नाही."

"काही काही लागतात," असे म्हणून ते चक्क हसले. महसूल खात्यातील मनुष्य कारण नसताना हसतो, तेव्हा समजावे की फाइलमधला एखादा कागद गायब आहे.

या साऱ्याकडे मी दुर्लक्षही केले असते. परंतु वेळ नाजूक होती. आमच्या प्रज्ञाची सोयरीक जुळत आली होती. मुलगा इचोड्याला वीज खात्यात नोकरीस, घर तलमडुगूचे. प्रज्ञा त्याला दोनदा भेटली होती आणि "मम्मी, मले हाच पाह्यजे. आता तू मधात काई गडबड नको करू," असे तिने मला स्पष्ट बजावले होते. (जणू गडबड करणे हा माझा व्यवसाय आहे.)

आता फक्त चौकशी उरली होती. आमच्या भागातील ही रीत वाचकांनी समजून घेतली पाहिजे. सोयरीक पक्की करण्यापूर्वी मुलाकडचे एखादे जाणते माणूस न कळवता मुलीच्या गल्लीत येते, दोन-चार घरी सहज म्हणून बोलते, आणि आपण कोण, कशासाठी आलो, हे अजिबात सांगत नाही. ते सांगितले, तर लोक खरे बोलत नाहीत. त्यामुळे चौकशीच्या काळात आदिलाबादजवळच्या मावला गावातील आमची संपूर्ण गल्ली परीक्षेच्या वर्गासारखी वागत होती. कचरा वेळेवर उचलला जात होता. नवरा-बायको दारे लावून भांडत होती. आणि नेमक्या याच काळात आमचे हे शांत झाले होते!

आमच्या भिंतीला भिंत लागून कलाबाईंचे घर आहे. कलाबाईंना माणसांची काळजी वाटते, विशेषतः दुसऱ्यांच्या घरातील. एका संध्याकाळी मी शाळेतून परतत असताना त्यांनी मला फाटकापाशीच अडवले.

"म्याडम, तुमच्या घरी दुपारी कोनी पाहुनी येऊन राह्यली काय?"

"पाहुणी? दुपारी तर फक्त साहेब असतात."

"हो ना जी. साहेब असतात, हे तं मलेबी माहीत हाय," कलाबाई म्हणाल्या, आणि मग आवाज इतका खाली नेला की शेजारच्या तिन्ही घरांना तो व्यवस्थित ऐकू जावा. "एक बाई बोलते. लय गोड. मनते, 'आलास? ये. दमलास ना? चप्पल काढ, पाणी पी. घाई नाही आपल्याला.'"

माझ्या हातातील डबा खाली पडला.

"तुमच्या घरात, तुमच्या मालकाले, चप्पल काढ मनते!" कलाबाईंनी मुद्दा अधोरेखित केला. "बाई आपल्याकडली नाई, म्याडम. एकदाबी 'काऊन' मनली नाई. 'का बरं' मनते. पुन्याकडली वाटते."

"टीव्ही असेल," मी कशीबशी म्हणाले.

"टीव्ही?" कलाबाईंना माझी कीव आली. "टीव्हीवर कोनी असं बोलते काय? टीव्हीतल्या बाया एक तं रडतात, नाई तं जहर कालवतात. हे तं एक वाक्य बोलते अन् थांबते. मंग साहेब बोलतात. मंग पुन्हा थे बोलते."

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. शिवाय टीव्हीची तपासणी मी आधीच केली होती. आमच्या घरी टीव्ही फक्त संध्याकाळच्या बातम्यांपुरता लागतो. बाकी वेळ त्यावर मी स्वतः विणलेले, दोन पोपटांचे आच्छादन असते. (पालकसभेत 'दूरचित्रवाणी: शाप की वरदान' या विषयावर मी दरवर्षी बोलते आणि दरवर्षी शापच ठरवते.) ते आच्छादन रोज जसेच्या तसे, पोपटांच्या चोची समोरासमोर, कडा सरळ! तेव्हा टीव्हीला मी निर्दोष ठरवून मोकळी झाले होते. ज्या माणसाने उभा जन्म दफ्तरातील फायली काढून पुन्हा होत्या तशा ठेवल्या, त्याला दोन पोपट जागेवर बसवणे किती सोपे, हे मला सुचले नाही.

"अजून एक सांगू काय?" कलाबाई म्हणाल्या. "एक मानूसबी येते. घाईकर नावाचा. काल थे बाई त्याले मनून राह्यली होती, 'घाईकर, तुझं बटण तुटलंय. आण, मी लावते.'"

बटण!

त्या क्षणी माझ्या मनात संपूर्ण सिद्धान्त आकाराला आला. एक परगावची गोड बोलणारी स्त्री. तिचा साथीदार, घाईकर नावाचा इसम. दोघे मिळून निवृत्त अधिकाऱ्यांना हेरतात, त्यांना पाणी पाजतात, त्यांची बटणे लावतात, आणि पुढे... पुढचे काय, हे मला नीट ठरवता येईना. पण ते चांगले नसणार, हे उघड होते. आणि उद्या चौकशीचा माणूस आला व हीच हकिकत त्याच्या कानी गेली, तर प्रज्ञाची सोयरीक तिथेच मोडणार होती!

"कलाबाई, हे कोणापाशी बोलू नका."

"मी कायले बोलू? मी तं फक्त दोघी-तिघींनाच सांगतलं."

त्या रात्री जेवताना मी अप्रत्यक्ष पद्धतीने प्रश्न विचारला. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाकडेही मी थेट जात नाही. आधी त्याच्या शेजारच्या बाकापाशी थांबते.

"प्रज्ञा, तुझ्या ओळखीत घाईकर आडनावाचं कोणी आहे का गं?"

ह्यांना ठसका लागला. ज्वारीची भाकरी एवढी नरम असताना!

"कोन घाईकर?" प्रज्ञाने विचारले.

"काही नाही. तुमच्या ओळखीत आहे का हो?" मी पाण्याचा पेला पुढे करीत ह्यांना विचारले.

"नाई... मंजे... दफ्तरात होते एक घाईकर," ते ताटाकडे पाहत म्हणाले. "लय हळू काम करत होते."

"बाबा, तुमचा चेहरा काऊन लाल झाला?" प्रज्ञा म्हणाली.

"मिरची," ते म्हणाले. ताटात त्या वेळी फक्त भाकरी आणि दूध होते.

दुसऱ्याच दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी, ह्यांना कळू न देता, कलाबाईंच्या गच्चीवर मुक्काम केला. घर एकमजली, गच्ची ठेंगणी. आमची खिडकी आणि फाटक दोन्ही तिथून स्वच्छ दिसत. कलाबाईंनी गच्चीभर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या मधोमध, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, विज्ञानाची एक ज्येष्ठ शिक्षिका शिंका दाबत बसली होती. सत्यशोधनाचा मार्ग खडतर असतो, असे मी मुलांना सांगते. तो तिखटही असतो, हे पुस्तकात नाही.

थोड्या वेळाने आमच्या खिडकीतून तो आवाज आला.

"आलास? ये. दमलास ना?"

कलाबाईंनी मला कोपराने ढोसले. आवाज खरोखरच गोड होता, लोण्यासारखा. आणि मग माझ्या कानांनी ऐकले की आमचे हे, ज्यांना 'साहेब' म्हणताना गावोगावचे पटवारी चळाचळा कापत, ते उत्तर देत होते,

"आलो वं माय. दमलो तं हावोच."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. (मिरच्यांचा वाटा मी नाकारत नाही.)

"घाईकर अजून आला नाही वाटतं," आवाज पुढे म्हणाला. "येईल हं. तो हळूहळू येतो. पण येतो."

आणि वाचकहो, त्याच क्षणी गल्लीच्या तोंडातून एक माणूस आत शिरला! पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू, अगदी हळूहळू चालत तो आला, आणि नेमका आमच्या फाटकापाशी थांबून खिडकीकडे कान लावून उभा राहिला.

भूमितीत याला सिद्धता म्हणतात.

"थांबा!" मी ओरडले.

त्या माणसाने आधी आकाशाकडे पाहिले.

"इकडं जी! मिरच्याइत पाहा!" कलाबाईंनी त्याला मार्गदर्शन केले.

"कोणाकडे जाताय?" मी विचारले.

"मी? कोनाकडंच नाई जी," तो दचकून म्हणाला. "असाच. कापसाचा भाव इचाराले."

"या गल्लीत कापूस?"

"मनलं, असंल कोनापाशी."

"तुमचं नाव काय?"

"नावात काय हाय, बाई," तो म्हणाला, आणि घाम पुसून त्याने उलट मलाच प्रश्न केला. "तुमी ह्याच घरच्या काय?"

गुप्त तपासात स्वतःची ओळख द्यायची नसते. मी तत्काळ म्हणाले, "नाही. मी शेजारीण."

हजेरीच्या वेळी एखाद्या मुलीने भलत्याच नावाला 'हजर' म्हणावे, तेव्हा मी जशी पाहते, तशा नजरेने कलाबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या माणसाचा चेहरा मात्र उजळला.

"मंग तं लयच बरं झालं! मले सांगा, ह्या घरच्या म्याडम कशा हाईत सोभावानं?"

"अत्यंत सुस्वभावी," मी सत्य तेच सांगितले. "विद्वान. शिस्तप्रिय. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

कलाबाईंना जोराचा खोकला आला.

"अन् पोरगी?"

"सोन्यासारखी."

"अन् साहेब?"

आता, अनोळखी माणूस असे प्रश्न कशासाठी विचारतो, हे आदिलाबाद जिल्ह्यातील पाचवीच्या मुलीलाही कळते. मला कळले नाही. माझा सिद्धान्त अगोदरच सिद्ध झाला होता, आणि सिद्ध झालेल्या सिद्धान्ताला नव्या पुराव्याची गरज नसते. (असे मी वर्गात कधीही शिकवत नाही.) माझा बांध फुटला, आणि बांध फुटला की माझी प्रमाणभाषा सर्वांत आधी वाहून जाते.

"साहेबाचं मले काऊन इचारता? तुमालेच ठाव! तुमचीच ना थे बाई? रोज दुपारी ह्या घरात येते, चपला काढाले लावते, बटनं लावून देते! अन् तुमी तिच्या मागं मागं येता! लाज नाई वाटत काय, घाईकर?"

तो माणूस आमच्या फाटकाच्या ओट्यावर बसलाच.

"बाई येते?" त्याने हळूच विचारले. "ह्या घरात? साहेबापाशी?"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "बस हं निवांत. कोणी रागावणार नाही."

"हेच थे?" त्याने वर पाहत विचारले.

"हेच थे," आम्ही दोघी म्हणालो.

"अन् म्याडमले माहीत हाय?"

"आत्ता माहीत झालं!" असे म्हणत मी जिना उतरले, फाटक उघडले आणि पर्समधून आमच्या घराची किल्ली काढली.

"शेजारनीपाशी ह्या घराची चाबी कशी?" तो माणूस गोंधळून गेला.

"आमच्या गल्लीत असंच असते," मागून धावत आलेल्या कलाबाई म्हणाल्या.

मी दार उघडले.

आमचे हे सतरंजीवर मांडी घालून बसले होते. पायांतल्या चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. पुढ्यात पाण्याचा तांब्या. एका हातात सुई, दुसऱ्या हातात माझ्या शाळेच्या पिशवीचा तुटलेला बंद. आणि समोर, पोपट घडी करून बाजूला ठेवलेल्या टीव्हीवर, कापडाची एक बाहुली. पांढऱ्या लोकरीचे केस, नाकावर चष्मा. ती एका कापडी कासवाच्या सदऱ्याला बटण लावत होती. कासवाच्या पाठीवर नाव शिवलेले होते: घाईकर.

"हा काय प्रकार?" ह्यांनी दचकून विचारले. "बिना नोटिशीची तपासनी?"

बाहुलीने सुईवरची मान वर केली, थेट आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"अरे वा! अजून कोणी आलं वाटतं. या, या. चपला काढा, पाणी प्या."

पांढऱ्या सदऱ्याच्या माणसाने मुकाट्याने चपला काढल्या. मग हात जोडून तो ह्यांना म्हणाला, "जयभीम, साहेब. मी पोराचा मामा. तलमडुगूवरून आलो. चौकशी कराले."

माझ्या पायाखालची फरशी सरकली असे मी लिहिणार होते. परंतु फरशी जागेवरच होती. मीच भिंतीला टेकले होते.

"मंग ह्या शेजारीन कोन?" मामांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"शेजारीण?" हे म्हणाले. "हे तं माही बायको हाय."

मामांनी माझ्याकडे पाहिले. मी पोपटांकडे पाहिले.

"हे काय हाय, साहेब?" मामांनी टीव्हीकडे वळत विचारले, त्यांच्या सभ्यतेला माझा नमस्कार असो.

ह्यांची मान खाली गेली. "लहान लेकराइचा कार्यक्रम हाय जी. हळूबाईचं घर. ह्यात काईच होत नाई. कोनाचं बटन तुटते, थे लावतात. कोनाले सर्दी होते, थे बरी होते. बस."

"अन् तुमी हे रोज पाहता? चोरून?" मी विचारले.

"तुले सांगतलं असतं, तं तू शाप की वरदान काढलं असतं." मग ते जरा थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दफ्तरात जो आला, थो हातात दरखास्त घेऊनच आला. घरी आलो, तं तूबी दारातच दिवसाचा अहवाल इचारत होती. नुसतं 'आलास? बस' असं बिनाकामाचं कोनी मनलंच नाई मले. हे बाहुली मनते. तिचं माह्यापाशी काईच काम नाई."

  

"जरा सरका, साहेब," मामा म्हणाले आणि गुडघा धरून सतरंजीवर बसले. "कासवाचं बटन लागते का नाई, थे पाहू द्या."

बटण लागेपर्यंत सगळे टीव्हीकडेच पाहत राहिले. कलाबाईसुद्धा! मग मामा उठले, चहा न घेता निघाले, आणि "कळवतो" एवढाच शब्द मागे ठेवून गेले. आमच्या समाजात चहा न घेता 'कळवतो' म्हणणे याचा अर्थ काय होतो, हे मी वाचकांवर सोपवते.

प्रज्ञा घरी आली, तेव्हा कलाबाईंनी तिला फाटकातच सर्व काही सांगून टाकले होते.

"मम्मी, तू शेजारीन झाली? सोताच्याच घराची?"

"तपासासाठी आवश्यक होतं," मी म्हणाले.

"अन् बाबाइच्या अंगावर बाई घातली? मामाइच्या समोर? आता थे लोक कायले होकार देतीन?" ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. आतून ती रडत होती, हे तिला लपवायचे होते. पण आमच्या घराच्या भिंतींतून काय काय ऐकू जाते, हे आता साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

पुढचे काही दिवस तलमडुगूहून निरोप आला नाही. प्रज्ञा माझ्याशी फक्त कामापुरते बोले. शाळेत मी दोन तास सलग 'उष्णतेचे वहन' शिकवले आणि फळ्यावर चुकून 'उष्णतेची वहिनी' लिहिले. रविवारी दुपारी ह्यांनी मला बोलावले.

"बस. थोडा वेळ."

"मला पेपर तपासायचे आहेत."

"घाई नाई आपल्याले," ते म्हणाले, आणि त्यांनी पोपट उचलले.

मी बसले, पण संशय सोडून नव्हे. कासवाला अंगठा नसतो, त्यामुळे त्याला सुई धरता येणे शक्य नाही, असे मी पहिल्याच मिनिटाला निदर्शनास आणले. शीतरक्ताच्या प्राण्याला लोकरीच्या मफलरचा उपयोग नाही, हेही सांगितले. त्या दिवशी एका बगळ्याची छत्री हरवली होती. सगळे ती शोधत होते, पण कोणी कोणावर ओरडत नव्हते, कोणी बगळ्याला, "तुला सांगितलं होतं ना?" असे म्हणत नव्हते. छत्री दारामागेच होती. हळूबाई म्हणाली, "सापडली ना? मग झालं तर. दमलीस ना तू? बस हं."

ती बगळ्याच्या आईशी बोलत होती, हे मला स्वच्छ दिसत होते. तरीही मी पदराने डोळे पुसले. या वेळी जवळपास मिरच्या नव्हत्या. ह्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मागे पाहते, तर प्रज्ञाही दाराला टेकून उभी होती, हे तिने पुढे नाकारले.

आणि तेवढ्यात फोन वाजला. मुलाच्या आई होत्या. प्रज्ञाने फोन माझ्या हातात देण्याआधी तो स्पीकरवर टाकला. तिचा माझ्यावरचा विश्वास तेवढाच उरला होता.

"जयभीम, विहीनबाई," पलीकडून आवाज आला. प्रज्ञाने माझा दंड घट्ट धरला. 'विहीणबाई'!

"माह्या भावानं सांगतलं सगळं. मनते, बाप तं लयच गरीब मानूस हाय, दुपारी घरात शांत बसून बटनं लावते. अशा बापाची लेक कुठं भेटते? अन् पोरीची माय तं मनते लय विद्वान, सुस्वभावी, कोनाच्या अध्यात ना मध्यात. शेजारच्या बाईनं सोता सांगतलं त्याले."

पलीकडे मागे कोणीतरी पुरुष खोकला दाबत होता. तो मला ओळखीचा वाटला.

"फक्त एक गोष्ट, विहीनबाई," त्या पुढे म्हणाल्या. "थे तुमची शेजारीन हाय ना, मिरच्याइत बसनारी, थे बाई बरी नाई मनते. लोकायच्या घरात डोकावते, काईबी बोलते. तिच्यापासून जपून राहा. अन् लग्नाले तं तिले मुळीच बोलावू नका!"

मी तत्काळ शब्द दिला. लग्न उन्हाळ्याच्या सुटीत आहे. त्या शेजारणीला आमंत्रण जाणार नाही, हे निश्चित. तथापि, ती आगंतुकपणे आत शिरू नये म्हणून मंडपाच्या दारावर कोणीतरी करडी नजर ठेवणे आवश्यक आहे, आणि या कामाचा अनुभव साऱ्या गल्लीत केवळ मलाच आहे.